मॉरिशसला शूटिंग ठरतं, तेव्हा नेमकं काय काय ठरतं?

बातमी साधारण अशी असते: अमुक चित्रपटाचं युनिट महिनाभराच्या चित्रीकरणासाठी मॉरिशसला रवाना. सोबत नायिकेचा विमानतळावरचा फोटो. खाली दोन ठरलेल्या प्रतिक्रिया. पहिली, ‘मजा आहे यांची, कामाच्या नावाखाली फिरून येतात.’ दुसरी जरा अभ्यासू, ‘तिथलं सरकार म्हणे खर्चातले तीस-चाळीस टक्के परत देतं. लोकांच्या करातून सिनेमावाल्यांना पैसे कशाला?’

दोन्ही शंका रास्त आहेत. त्या समजून घ्यायच्या तर आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पुण्याजवळ शूटिंग चालू असताना एखादा दिवा गेला, तर फोन करायचा, संध्याकाळपर्यंत मुंबईहून टेम्पोतून दुसरा येतो. मॉरिशसमध्ये तोच दिवा गेला आणि बेटावर तसा दुसरा नसला, तर तो सुमारे ४७०० किलोमीटर लांब आहे. मध्ये समुद्र आहे, कस्टम्स आहे आणि उद्याच्या विमानात जागा आहे की नाही हा प्रश्न आहे. तोवर दीडशे माणसं हॉटेलात बसून राहणार, त्यांच्या जेवणाचं, राहण्याचं, रोजाचं मीटर पळत राहणार. बेटावर जे सोबत नाही आणि तिथेही मिळत नाही, ते नाहीच असं धरून चालावं लागतं. म्हणून अशा चित्रपटाचं निम्मं काम कॅमेरा सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी कागदावर झालेलं असतं.

## आधी बेट कसलं, ते पाहू

मॉरिशस ज्वालामुखीतून झालेलं बेट आहे, आणि त्याचं आपल्याशी जुनं नातं आहे. चुलीतला जाळ एका जागी आहे आणि वरून तवा हळूहळू सरकतो आहे अशी कल्पना करा. तव्याचा जो भाग जाळावर येईल तो तापणार. पृथ्वीच्या पोटातल्या अशा जाळाला भूशास्त्रज्ञ ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग या जाळावर होता, तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला. मागे त्याच जाळाच्या खुणा उमटत राहिल्या: लक्षद्वीप, मालदीव, छागोस. सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. आज तो जाळ शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि मॉरिशसचा काळा कातळ एकाच चुलीवरचे. दोन्ही बसाल्टच. पहिल्यांदा तिथे जाणाऱ्या मराठी माणसाला डोंगरांचे कडे ओळखीचे वाटतात, त्याला हे कारण आहे.

सिनेमावाल्यांना याचा उपयोग काय? बेट लांबीला जेमतेम ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. पण ज्वालामुखी, पाऊस आणि पोवळ्यांनी मिळून तेवढ्यात कितीतरी देखावे मांडून ठेवले आहेत. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे पोवळ्यांची भिंत आहे, तिच्या आत उथळ, शांत, हिरवट-निळं पाणी आणि पांढरी वाळू. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी ही भिंत तुटते, आणि लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. मधल्या पठारावर क्युरपीपला निजलेल्या ज्वालामुखीचं गोल विवर आहे, झाडीनं भरलेलं. शामारेलला लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी रंगलेली सात रंगांची उघडी माती आहे आणि जवळच उंच धबधबा. बाकी सगळीकडे ऊस.

चित्रपटाच्या हिशेबात हा फार मोठा फायदा आहे. युनिट एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायचं म्हणजे बिऱ्हाड हलवण्यासारखं: दिवस वाया जातो, हॉटेलं बदलतात, ट्रक रस्त्यावर अडकतात. इथे एकाच हॉटेलात मुक्काम ठेवून सकाळी धबधबा आणि दुपारी समुद्र करता येतो. लोकेशन निवडताना दिग्दर्शक देखावा बघतो. लाइन प्रोड्यूसर, म्हणजे रोजच्या खर्चाची आणि व्यवस्थेची जबाबदारी असलेला माणूस, दोन देखाव्यांमधलं अंतर बघतो. माझ्या मते बेट खरं तर तोच निवडतो.

## पण ज्वालामुखी फुटला तर?

मॉरिशसचा ज्वालामुखी निजलेला आहे, हजारो वर्षं. लेखकानं कथेत लाव्हा लिहिलाच असेल तर मात्र रियुनियनला जावं लागतं. तिथला पितों द ला फुर्नेझ हा २६३२ मीटर उंचीचा डोंगर जगातल्या सर्वांत चळवळ्या ज्वालामुखींपैकी एक आहे, अनेकदा वर्षातून एकाहून अधिक वेळा फुटतो. त्याचा लाव्हा बहुतेक वेळा कड्यांनी वेढलेल्या एका मोठ्या, निर्मनुष्य कोंडाळ्यातच राहतो. उद्रेक सुरू झाला की प्रशासन ते कोंडाळं माणसांसाठी बंद करतं. म्हणजे दिग्दर्शकाला हवा तो क्षण येतो, नेमकं तेव्हाच त्याला आत सोडत नाहीत! २००७ च्या एप्रिलमध्ये तर लाव्हा बेटाचा रस्ता ओलांडून समुद्रात उतरला. लाव्हा खाऱ्या पाण्यात पडला की जी वाफ उठते तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. पडद्यावर ती ढगासारखी सुंदर दिसते, फुप्फुसांना ती घातक आहे.

लाव्ह्यापेक्षा राख जास्त त्रासाची. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर बालीत आगुंग ज्वालामुखीची राख उठली आणि विमानतळ दोन दिवसांहून जास्त बंद राहिला. अशा वेळी युनिटला काही इजा होत नाही, फक्त नायक दुसऱ्या देशात अडकलेला असतो आणि त्याच्या तारखा पुढच्या चित्रपटाला दिलेल्या असतात.

उष्ण कटिबंधातल्या बेटावर खरी भीती वाऱ्याची. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण हवाईचं आहे. ११ सप्टेंबर १९९२ ला ‘इनिकी’ हे चक्रीवादळ कवाई बेटावर धडकलं, तेव्हा ‘जुरासिक पार्क’चं युनिट तिथेच होतं, काम संपत आलेलं. सगळ्यांनी हॉटेलच्या मोठ्या दालनात रात्र काढली. राहिलेला काही भाग नंतर ओआहू बेटावर चित्रित करावा लागला.

मॉरिशसमध्ये वादळाचा इशारा चार पायऱ्यांत देतात. पहिली पायरी वादळाच्या ३६ ते ४८ तास आधी, म्हणजे तयारीला लागा. दुसरी अशी लावतात की उजेडाचे १२ तास हाताशी राहावेत, तिसरी अशी की ६ तास राहावेत. चौथी, ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झाल्यावर. ‘उजेडाचे तास’ हा शब्द मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण अंधारात पत्रे बांधता येत नाहीत आणि माणसं हलवता येत नाहीत. युनिटचं वेळापत्रकही याच पायऱ्यांवर बांधतात: पहिल्या पायरीला क्रेन आणि तंबू उतरवायचे, दुसरीला सामान पक्क्या गोदामात, तिसरीला सगळे आत. विमा आधीच काढलेला हवा. वादळाला नाव पडल्यावर त्या वादळापुरता विमा कुणी विकत नाही.

## मग जायचं कधी?

वादळांचा अधिकृत हंगाम १ नोव्हेंबर ते १५ मे. ते महिने टाळले तर उरतात मे-अखेर ते ऑक्टोबर. आता आपलं कॅलेंडर काढा. मुंबईत जून ते सप्टेंबर बाहेरचं शूटिंग जवळपास ठप्प असतं, चित्रनगरीत चिखल आणि आकाशाचा भरवसा नाही. नेमके हेच महिने मॉरिशसचा हिवाळा: हवा थंड, पाऊस कमी, वादळं नाहीत. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर, म्हणजे जवळपास आरशातलं प्रतिबिंब. विमानानं सहा तास, घड्याळात फक्त दीड तासाचा फरक. हिंदी चित्रपटांना हे बेट सोयीचं का वाटत आलं, याचं अर्धं उत्तर माझ्या दृष्टीनं या आरशात आहे.

आरशाचा एक घोळही आहे, आणि नवखा कॅमेरामन त्यात फसू शकतो. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिणेला तोंड असलेल्या घराच्या अंगणात दिवसभर ऊन. मॉरिशसच्या हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडून जातो. फोटो बघून मुंबईत बसून निवडलेली दक्षिणमुखी हवेली तिथे जूनमध्ये सबंध दिवस सावलीत असते. सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो उजवीकडून डावीकडे सरकतो, आपल्या सवयीच्या उलट. म्हणून रेकीला, म्हणजे जागा आधी जाऊन बघण्याच्या फेरीला, होकायंत्र घेऊन जातात आणि शक्य असेल तर ज्या महिन्यात शूटिंग करायचं त्याच महिन्यात, आदल्या वर्षी जातात.

उन्हाचं अजून एक गणित आहे. ‘शून्य सावली दिवस’ आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. मॉरिशसमध्ये तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि पुन्हा २० जानेवारीच्या आसपास येतो. त्या दिवसांत दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात आणि क्लोज-अप घेताच येत नाहीत. जूनमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ अंशच वर असतो. उजेड तिरका, चेहऱ्याला मानवणारा. मोबदल्यात दिवस लहान: जूनमध्ये जेमतेम ११ तास, डिसेंबरमध्ये १३ हून जास्त. चांगला उजेड की जास्त तास, यावर दिग्दर्शक आणि निर्मात्याचं भांडण व्हायचं तर ते इथे होतं.

हिवाळ्यात आग्नेयेकडून वारे वाहतात, जुलै-ऑगस्टमध्ये चांगलेच जोरात. पूर्व किनाऱ्यावर संवाद ध्वनिमुद्रित करायचे असतील तर माइकवर वाऱ्याची घरघर येणार. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला असल्यानं तिथे शांत. पावसाचंही तसंच. आपल्याकडे महाबळेश्वर भिजतं आणि थोडं पूर्वेला माण-खटाव कोरडं राहतं, तोच पर्जन्यछायेचा खेळ तिथे चाळीसेक किलोमीटरांत दिसतो: मधल्या पठारावर काही ठिकाणी वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, पश्चिम किनाऱ्यावर १००० हून कमी. जाणता नियोजक याचा उपयोग करून घेतो. पठारावरच्या प्रत्येक दिवसामागे तो पश्चिमेचं एक दृश्य राखून ठेवतो. सकाळी क्युरपीपला पाऊस लागला की युनिट तासाभरात फ्लिक-अँ-फ्लाकच्या उन्हात.

आणि भरती-ओहोटी. कोकणात समुद्रावर दृश्य लावलेल्या कुणालाही विचारा. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. सकाळी घेतलेल्या दृश्यातली पुळण दुपारी गायब. मॉरिशसमध्ये हा फरक साधारण अर्ध्या मीटरचाच. दिवसभर एकच किनारा एकसारखा मिळतो. पडद्यावर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण शूटिंगचे दिवस यानं वाचतात.

ऊस मात्र एकसारखा राहत नाही! तोडणी जून ते डिसेंबर चालते. जूनमध्ये नायक-नायिका ज्या उंच उसातून पळाले, तिथे सप्टेंबरात सपाट रान आणि मागे एकदम डोंगर दिसायला लागलेला असतो. म्हणून शेतमालकाकडून तोडणीचं वेळापत्रक आधी घ्यावं लागतं.

## सामान: मोजून न्यायचं, मोजून आणायचं

लग्नाला केटररची भांडी येतात तेव्हा उतरवताना मोजतात आणि परत जाताना पुन्हा मोजतात. एक पातेलं कमी भरलं की पैसे द्यावे लागतात. ‘कार्नेट’ ही त्याच जातीची चीज आहे. कॅमेरे, लेन्स, दिवे कायमचे विकायला नेत नाही, काम करून परत आणणार, म्हणून आयात कर लावू नका, अशी हमी देणारी ही वही. तिला सामानाचा पासपोर्ट म्हणतात. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून ही पद्धत आली, भारतात ती ‘फिक्की’ ही उद्योगसंघटना देते आणि मॉरिशस ती मान्य करतं. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष.

वहीत प्रत्येक वस्तूचं नाव, क्रमांक, वजन, किंमत लिहावी लागते. भारतातून निघताना, तिथे उतरताना, तिथून निघताना आणि इथे परतताना, असं चार वेळा कस्टम्सचा शिक्का. एक लेन्स समुद्रात पडली तरी तिचा हिशेब द्यायचा, नाहीतर कर भरायचा. संपून जाणाऱ्या वस्तू, म्हणजे रंगभूषेचं सामान, चिकटपट्ट्या, खाणं, यांना कार्नेट लागू होत नाही. त्यांची कागदपत्रं वेगळी. एका आकड्याची चूक आणि ट्रकभर सामान विमानतळावर अडकतं, म्हणून ही यादी करणारा माणूस युनिटमध्ये सर्वांत शांत डोक्याचा असावा.

बॅटऱ्यांचं प्रकरण तर वेगळंच. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या साधारण चालतात, १०० ते १६० मधल्या विमान कंपनीच्या परवानगीनं आणि माणशी दोनच, त्यावरच्या प्रवासी विमानात नाहीत. कॅमेऱ्याच्या कितीतरी बॅटऱ्यांवर ‘९८’ हा आकडा छापलेला असतो, त्यामागे हे गणित आहे. युनिट निघतं तेव्हा स्पॉट दादांपासून सहायक दिग्दर्शकापर्यंत प्रत्येकाच्या हातातल्या पिशवीत एक-दोन बॅटऱ्या वाटून दिलेल्या असतात.

विजेच्या बाबतीत आपल्याला एक सुख आहे. मॉरिशसमध्येही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, गाड्याही डाव्या बाजूनं. अमेरिकेहून येणाऱ्या युनिटची वीज ६० हर्ट्झची, त्यांना दिव्यांची लुकलुक पडद्यावर दिसू नये म्हणून जास्त काळजी घ्यावी लागते.

काय न्यायचं आणि काय तिथेच भाड्यानं घ्यायचं? जड आणि साधं ते तिथे: जनरेटर, ट्रक, तंबू, बोटी, खुर्च्या. नाजूक आणि विशिष्ट ते सोबत, आणि त्याचंही एक जादा. समुद्राच्या खाऱ्या हवेनं आणि बारीक वाळूनं लेन्सचे आटे कुरकुरायला लागतात, तेव्हा रोज रात्री पुसून ठेवणारा एक माणूस दहा सुट्या भागांपेक्षा मोलाचा.

## सरकार पैसे परत का देतं?

आता त्या अभ्यासू प्रतिक्रियेकडे. चित्रपटाच्या खर्चाचा काही भाग परत देण्याला ‘रिबेट’ म्हणतात. मॉरिशसनं अशी योजना २०१३ मध्ये आणली. पात्र खर्चाचे ३० टक्के, आणि पुढे मोठ्या चित्रपटांसाठी ४० टक्क्यांपर्यंत. भारतही यात उतरला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी केंद्र सरकारनं परदेशी चित्रपटांसाठीची रक्कम खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपये, अशी वाढवल्याचं जाहीर केलं. म्हणजे एकीकडे आपले निर्माते बाहेर सवलत शोधतात आणि दुसरीकडे आपण बाहेरच्यांना देतो.

यामागचा विचार गावच्या जत्रेसारखा आहे. मोठा पाळणा आला की माणसं येतात, मग भेळवाल्याचं, चहावाल्याचं, खेळण्यांच्या दुकानाचं चालतं. म्हणून पंच पाळणेवाल्याकडून जागेचं भाडं कमी घेतात. दीडशे माणसं महिनाभर राहिली की हॉटेल, गाड्या, स्वयंपाकी, सुतार, बोटवाले, सुरक्षारक्षक यांना काम मिळतं. मे ते सप्टेंबर हा मॉरिशसला पर्यटकांचा तुलनेनं मंद काळ, तेव्हा भरलेल्या खोल्यांना वेगळीच किंमत. शिवाय पडद्यावर बेट दिसलं की पुढे पर्यटक येतात, ही आशा.

पैसे आधी मिळत नाहीत, हे महत्त्वाचं. पूर्ण बिल आपण भरायचं, पावत्या जपायच्या, काम संपल्यावर लेखापरीक्षकाकडून हिशेब तपासून घ्यायचा, मग अर्ज, मग छाननी, मग कधीतरी परतावा. समजा युनिटनं बेटावर १० कोटी खर्च केले आणि ३० टक्के मिळणार आहेत. ते ३ कोटी हातात येईपर्यंत निर्मात्याला कर्ज काढावं लागतं आणि त्यावर व्याज चढतं, म्हणजे ३ चे प्रत्यक्षात अडीचच्या आसपासही राहू शकतात. शिवाय सगळा खर्च ‘पात्र’ नसतो. बाहेरच्या कलाकारांचं मानधन किती धरायचं, कुठल्या कंपनीचं तिकीट चालेल, याचे प्रत्येक देशाचे नियम वेगळे, आणि ते बदलतात. गेल्या वर्षीच्या नियमावर यंदाचं बजेट बांधणं हा या धंद्यातला सर्वांत महागडा आळस.

## तरी हा लोकांचाच पैसा ना?

हो, आणि म्हणून प्रश्न विचारलाच पाहिजे. बिलं फुगवली जाऊ शकतात. बाहेरचं युनिट सगळी कुशल माणसं सोबत आणून स्थानिकांना फक्त सामान उचलायला ठेवू शकतं. देशांमध्ये चढाओढ लागली की टक्का वाढतच जातो आणि निर्माता स्वस्तात स्वस्त देशाकडे पळतो. मला वाटतं, रिबेटची खरी कसोटी एकच: पाचव्या चित्रपटाच्या वेळी बेटावरची किती माणसं कॅमेरा, ध्वनी, कला या विभागांत जबाबदारीच्या जागी आहेत? पहिल्याच चित्रपटाच्या वेळी स्थानिक मुलामुलींना सहायक म्हणून घेण्याची अट असेल, तर पैसा जत्रेपुरता राहत नाही. तशी अट नसेल तर आक्षेप घेणाऱ्यांची बाजू बरोबर आहे, असं मी म्हणेन.

## डोंगर कुणाचा, तळं कुणाचं?

या विषयातला माझ्या जवळचा भाग हा. नकाशावर ‘सुंदर जागा’ म्हणून खूण केलेली प्रत्येक जागा आधीच कुणाची तरी असते.

नैऋत्येला ल मोर्न हा ५५६ मीटरचा बसाल्टचा डोंगर समुद्रात एकटा उभा आहे. कुठल्याही कॅमेऱ्याला मोह पडावा असा. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कड्याकपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी संपली. ही बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले, तेव्हा ते पकडायलाच आले असं समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. इथे प्रेमगीत चित्रित करायला कागदी परवानगी मिळेलही, पण मागायची का, हे युनिटनं स्वतःला विचारायला हवं.

गंगा तलाव हे विवरातलं तळं तिथल्या हिंदूंचं तीर्थ आहे. काठावर १०८ फुटी शंकराची मूर्ती. महाशिवरात्रीला बेटाच्या चारही कोपऱ्यांतून लोक खांद्यावर कावड घेऊन चालत येतात. त्या दिवसांत त्या रस्त्यांवर ट्रक न्यायचा विचारही करू नये.

आणि गणेश चतुर्थी! मॉरिशसमध्ये या सणाची सार्वजनिक सुट्टी असते, कारण तिथे मराठी माणसं आहेत. १८३४ पासून करारानं मजूर नेले गेले, त्यांत कोकणातून आणि घाटावरून गेलेलेही होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांची घरची बोली आज बहुधा क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा, असते, तरी आरत्या मराठीत म्हटल्या जातात आणि शाळांमधून मराठी शिकवली जाते. चतुर्थी येते ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन शूटिंगच्या हंगामात, आणि विसर्जन समुद्रावर. मुंबईहून गेलेल्या युनिटनं त्या दिवशी किनारा अडवावा आणि तिथल्या मराठी माणसांना गणपती घेऊन थांबावं लागावं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. वेळापत्रकात तो दिवस सुट्टीचाच लिहावा. जमलं तर युनिटनं आरतीला जावं.

उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. जमीन नांगरण्याजोगी करायला मजुरांनी हातांनी वेचलेले ते दगड. फ्रेममध्ये अडचण होते म्हणून ते हलवायला सांगण्याआधी कुणीतरी दिग्दर्शकाला हे सांगावं.

समुद्राबद्दल तर तिथली माणसं फारच हळवी आहेत, आणि कारण ताजं आहे. २५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेयेच्या पोवळ्यांवर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे १००० टन तेल त्या हिरवट-निळ्या पाण्यात सांडलं. लोकांनी कापडाच्या नळ्यांत उसाचं पाचट भरून, त्या दोरीनं बांधून तेल अडवलं. ज्यांनी हातांनी तेल उपसलं आहे, त्यांना तुमच्या बोटीचा नांगर पोवळ्यावर पडलेला चालणार नाही. जेट्टी कुठे, बोट किती खोल, पायाखाली काय आहे, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. ड्रोनला नागरी विमान खात्याची परवानगी वेगळी.

वाळूचं भान न ठेवल्यास काय होतं, ते थायलंडमध्ये दिसलं. माया बे (ती चुनखडीची, ज्वालामुखीची नाही) इथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका हॉलिवूड चित्रपटासाठी किनाऱ्यावरचे वाळूचे उंचवटे आणि झाडी हलवण्यात आली. त्यावरून सुरू झालेला खटला २०२२ पर्यंत चालला.

## एवढा व्याप, त्यापेक्षा स्टुडिओत का नाही?

होतंच आहे. मोठ्या एलईडी पडद्यावर समुद्र दाखवून त्यापुढे संवाद घेता येतात, आणि बंद गाडीतलं किंवा रात्रीचं दृश्य असेल तर तेच शहाणपणाचं. पण नट खरोखर वाऱ्यात उभा असला की डोळे बारीक करतो, आवाज चढवतो, ओल्या कातळावर पाय जपून ठेवतो. हे सगळं खोटं करायला फार खर्च येतो आणि तरी ते खोटं दिसतं. आता बरेच जण दोन्हींची सांगड घालतात: बेटावर बारा दिवस, उरलेलं मुंबईत.

## पॅकअप म्हटल्यावर

शेवटच्या शॉटनंतर टाळ्या होतात, नट दुसऱ्या दिवशी निघून जातात. काही माणसं मात्र आठवडाभर मागे राहतात. एक जण रेकीच्या वेळी काढलेले फोटो हातात घेऊन प्रत्येक जागी फिरतो आणि खिळे, दोऱ्या, सिमेंटचे ठोकळे काढून जागा त्या फोटोसारखी करून मालकाची सही घेतो. दुसरा पावत्या लावत बसतो, कारण नारळवाल्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलेलं बिल लेखापरीक्षक मान्य करणार नाही आणि नारळवाला आता सापडायला हवा. तिसरा विमानतळावर कार्नेटची वही उघडून पेट्या मोजतो. लेन्स १४, बॅटऱ्या ४०, कॅमेऱ्याची तिकाटणी ५. एक तिकाटणं कमी भरतं. ते शामारेलच्या धबधब्यापाशी राहिलं आहे, आणि विमान संध्याकाळी आहे.